श्रद्धा काय, हे शेवटी विचारा

प्रश्न असा आला आहे: “नुकताच बदली होऊन सोलापुरात आलो. वृत्तपत्रात सण-उत्सव आणि धार्मिक घडामोडींचं काम माझ्याकडे दिलं आहे. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध, जैन, प्रत्येकात इतके पंथ, उपपंथ, संघ, सिलसिले आहेत की डोकं चक्रावतं. कोणाची श्रद्धा काय, हे कुठून आणि कसं समजून घ्यायचं? चुकीचं छापून कुणाला दुखवायचं नाही.”

मी इथे वर्षानुवर्षं इतिहास शिकवला. विद्यार्थ्यांना घेऊन सोलापूर, अक्कलकोट, पंढरपूर, मंगळवेढा, गुलबर्गा इथले मठ, दर्गे, देवळं आणि चर्च पायाखाली घातली. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: ‘तुमची श्रद्धा काय’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. तो आधी विचारलात तर कुठल्याही उंबऱ्यावर एकच उत्तर मिळेल, ‘देव एकच, माणुसकी हाच धर्म.’ मग चहा येईल आणि तुमची वही कोरीच राहील. त्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. सण कोणत्या दिवशी करता? दीक्षा कुणाकडून घेता? आणि घरातलं माणूस गेलं की त्याचं काय करता? याची उत्तरं माणसं न अडखळता देतात आणि पंथ त्यातच असतो.

तारखेपासून सुरू करा, ते सोपं आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत काही महिन्यांत लागोपाठ दोन एकादश्या छापलेल्या दिसतात, एक स्मार्त आणि दुसरी भागवत. सूर्योदयाला एकादशी असली की स्मार्तांचा उपास ठरला. वैष्णव त्याआधीचा अरुणोदय बघतात. त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर ती एकादशी ‘विद्ध’ झाली, म्हणून ते उपास दुसऱ्या दिवशी धरतात. देव तेच, ग्रंथही बरेचसे तेच, फरक पहाटेच्या काही घटकांचा. पण एकाच वाड्यात एका घरी साबुदाणा आणि शेजारी भाकरी, असं त्यामुळे घडतं.

जैनांकडे हेच ठळक दिसतं. श्वेतांबरांचं पर्युषण आठ दिवसांचं, ते भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या सुमाराला संवत्सरीला संपतं. दिगंबरांचं दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होतं आणि अनंत चतुर्दशीपर्यंत दहा दिवस चालतं. म्हणजे एकांचं संपतं तेव्हा दुसऱ्यांचं लागतं. ‘आज जैन बांधवांच्या पर्युषणाची सांगता’ असं सरसकट छापलंत तर सोलापुरातले दिगंबर वाचक हसतील, कारण त्यांची तेव्हा सुरुवात असते. आणि इथे दिगंबरांचं वजन मोठं आहे. जीवराज जैन ग्रंथमालेनं प्राकृत-संस्कृत ग्रंथांच्या संशोधित आवृत्त्या याच गावातून काढल्या. साधूनं वस्त्र ठेवावं की नाही, स्त्रीला स्त्रीदेहातच मोक्ष मिळतो की नाही, हे दिगंबर-श्वेतांबरांतले मोठे वाद आहेत. श्वेतांबर एकोणिसाव्या तीर्थंकराला मल्ली ही स्त्री मानतात, दिगंबर मल्लिनाथ हा पुरुष. बातमीसाठी मात्र आधी तारीख बघा.

दाऊदी बोहरा गणितानं बांधलेलं कॅलेंडर वापरतात, चंद्र दिसण्याची वाट बघत नाहीत. म्हणून त्यांची ईद बहुतेक वेळा बाकीच्यांच्या एक-दोन दिवस आधी येते. पारशांमध्ये तर भांडणच कॅलेंडरचं झालं. भारतातले आणि इराणमधले पारशी महिने एकमेकांपासून एका महिन्यानं सरकलेत, हे अठराव्या शतकात सुरतेत ध्यानात आलं आणि 1745 च्या सुमाराला कदमी वेगळे निघाले. उरलेले शहेनशाही. धर्मतत्त्वात कणभर फरक नाही. ख्रिस्ती जगात 1582 साली पोप ग्रेगरीनं कॅलेंडर सुधारलं, पण पूर्वेकडची बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्च ईस्टरचा हिशोब अजून जुन्या ज्यूलियन पद्धतीनं करतात. पोपनं सुधारलेली तारीख आपण का पाळावी, हा त्यामागचा खरा प्रश्न. तारीख ठरवायचा अधिकार ज्याच्याकडे, पंथ त्याचा.

दीक्षेचा प्रश्न यापेक्षा खोल जातो. श्रीलंकेचं उदाहरण मी वर्गात नेहमी द्यायचो, कारण ते ऐकून आपल्याकडची मुलं सावरून बसायची. अठराव्या शतकात लंकेत रीतसर उपसंपदा, म्हणजे भिक्षूची पूर्ण दीक्षा, देऊ शकतील असे भिक्षूच उरले नव्हते. 1753 साली सयामहून भिक्षू आले, परंपरा पुन्हा सुरू झाली, तिला सियाम निकाय म्हणतात. निकाय म्हणजे भिक्षुसंघाची शाखा. पण थोड्याच काळात उपसंपदा फक्त गोविगम या वरच्या जातीच्या मुलांनाच मिळू लागली. बुद्धाच्या संघात, लक्षात घ्या. बाकीच्या जातींतल्या लोकांनी वाद घालत बसण्यापेक्षा जहाज पकडलं, ब्रह्मदेशात अमरपुऱ्याला जाऊन 1800 साली उपसंपदा घेतली, परत आले आणि अमरपूर निकाय उभा राहिला. दोघांचे पिटक म्हणजे धर्मग्रंथ तेच, शील तेच, निर्वाण तेच. आजही दोन्ही परंपरा आहेत.

आता याच चष्म्यातून 14 ऑक्टोबर 1956 चं नागपूर बघा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतलं आणि मग समोरच्या लाखोंच्या समुदायाला दीक्षा स्वतः दिली, 22 प्रतिज्ञांसह. गृहस्थानं गृहस्थांना दीक्षा देणं थेरवादी, म्हणजे लंका-ब्रह्मदेशाकडच्या जुन्या बौद्ध परंपरेच्या, रिवाजात बसत नाही, आणि त्या प्रतिज्ञांतल्या कित्येक जुन्या कुठल्याच निकायात नाहीत. ते त्यांनी विचारपूर्वक केलं. म्हणून आपल्याकडच्या बौद्धांना थेरवाद की महायान असं विचारू नका. ‘हीनयान’ हा शब्द तर कुठेच वापरू नका, तो विरोधकांनी दिलेला आहे.

लिंगायतांचं सोलापुरात नीट समजून घ्यावंच लागेल, आणि पहिली ठेच तिथेच लागते. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. सोन्नलगी हे सोलापूरचं जुनं नाव. तलाव खोदवणं, देवळं बांधणं, अडुसष्ट लिंगं स्थापणं अशी कामं करणारा हा शिवयोगी. कन्नड परंपरा सांगते की अल्लमप्रभू इथे आले, या कामांवरून त्यांचा आणि सिद्धरामांचा खडाजंगी वाद झाला, ते सिद्धरामांना कल्याणला (कर्नाटकातलं आजचं बसवकल्याण) घेऊन गेले आणि तिथे चन्नबसवण्णांकडून त्यांना इष्टलिंगाची, म्हणजे अंगावर धारण करायच्या लहान लिंगाची, दीक्षा मिळाली. गळ्यात इष्टलिंग आलं की देवळातल्या स्थावर लिंगाची गरज संपली, हा बसवण्णांच्या चळवळीचा गाभा. आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेत सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) निघतात ते त्याच अडुसष्ट स्थावर लिंगांच्या प्रदक्षिणेला! यात विसंगती आहे असं एखादा कडवा बसवभक्त तुम्हाला सांगेल. नंदीध्वज खांद्यावर घेणारा त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. मला विचाराल तर दोघंही सिद्धरामांचेच. ते आधीचे सिद्धराम घेतात की नंतरचे, एवढाच फरक.

लिंगायतांत दीक्षा आणि अधिकार या प्रश्नाची दोन उत्तरं मिळतात. एक पंचाचार्य परंपरा: रंभापुरी, उज्जैनी, केदार, श्रीशैल आणि काशी ही पाच पीठं. ती ‘वीरशैव’ म्हणवून घेते, मूळ बसवण्णांच्या आधीचं मानते. दुसरी विरक्त मठांची: मूळ बसवण्णा, प्रमाण वचनं, म्हणजे बसवण्णा आणि त्यांच्या सोबत्यांच्या कन्नड रचना. मार्च 2018 मध्ये कर्नाटक सरकारनं स्वतंत्र धर्माची शिफारस केंद्राकडे पाठवली तेव्हा हा जुना वाद रस्त्यावर आला. तेव्हा ‘वीरशैव’, ‘लिंगायत’ आणि ‘वीरशैव लिंगायत’ ही तीन बिरुदं एकासारखी एक नाहीत. ज्या संस्थेची बातमी आहे तिच्या पाटीवर जे आहे तेच छापा, उपसंपादकानं जागा वाचवायला छाटलं तरी भांडा.

वारकऱ्यांकडे दीक्षा म्हणजे तुळशीची माळ. ती कुणा ना कुणा महाराजांच्या हातून घालून घेतात, आणि त्यातून माणूस कुठल्या फडाचा, म्हणजे कुठल्या गुरुपरंपरेच्या गटाचा, हे ठरतं. वासकर, देहूकर ही पंढरपुरातली मोठी फडांची नावं. वारीत कोणती दिंडी रथाच्या पुढे आणि कोणती मागे, याला जो मान आहे तो समजल्याशिवाय वारीवर लिहू नये. वारकऱ्याला घर सोडावं लागत नाही, कुलदैवत सोडावं लागत नाही. खंडोबाची तळी भरणारा माळकरी तुम्हाला घरोघर भेटेल. अक्कलकोटचं त्याहून मोकळं. स्वामी समर्थांनी 1878 साली देह ठेवला. तिथे येणारा माणूस दत्त संप्रदायाचा असेलच असं नाही, त्याला कुणी विचारतही नाही. याउलट महानुभाव. तेराव्या शतकात चक्रधरांनी घालून दिलेली वाट, पाच कृष्ण (ते मानतात ते पाच अवतार), इतर देवतांची उपासना बंद. ग्रंथ त्यांनी सांकेतिक लिपींत ठेवले, त्या विसाव्या शतकात इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या हाताला लागेपर्यंत बाहेरच्यांना बंद होत्या. वारकरी आणि महानुभाव दोन्ही मराठीतून बोलले, दोघांनी जातीच्या भिंतीला हात घातला, दोघांचा देव कृष्णच. एक पंथ महाराष्ट्रभर मुरला, दुसरा शतकानुशतकं कडेला राहिला. दुसरा देव चालेल की नाही, या एका प्रश्नाचं उत्तर दोघांनी वेगळं दिलं, हे त्याचं मोठं कारण असं मला वाटतं.

इथे ख्रिस्ती इतिहासातली एक जोडी सांगतो, कारण ‘ऑर्डर’ म्हणजे काय आणि वेगळा पंथ म्हणजे काय, हे तिच्यामुळे स्वच्छ होतं. फ्रान्समधल्या लियाँचा वाल्डो नावाचा व्यापारी. बाराव्या शतकात त्यानं संपत्ती वाटून टाकली, गरिबीत राहून लोकभाषेत उपदेश सुरू केला. धर्मगुरू नसताना उपदेश करू नकोस असं चर्चनं बजावलं, त्यानं ऐकलं नाही, आणि 1184 साली त्याचे अनुयायी बहिष्कृत झाले. पुढे पंचवीस वर्षांनी, 1209 च्या सुमाराला, इटलीतल्या असिसीचा एका व्यापाऱ्याचा मुलगा जवळजवळ तीच मागणी घेऊन पोपपुढे उभा राहिला. पोपनं होकार दिला. तो संत फ्रान्सिस, आणि त्याची माणसं म्हणजे फ्रान्सिस्कन संघ. वाल्डोचे लोक पाखंडी ठरून डोंगरदऱ्यांत लपत राहिले. गरिबी तीच, उपदेश तोच. वरून ‘हो’ आलं की संघ होतो, ‘नाही’ आलं आणि माणसं मागे हटली नाहीत की पंथ होतो. बेनेडिक्टाइन, डॉमिनिकन, 1540 साली मान्यता मिळालेले जेझुइट हे सगळे कॅथलिक चर्चच्या आतले संघ. त्यांना पंथ म्हणू नका. त्यांच्या व्रतस्थांची व्रतं वेगळी, दिनक्रम वेगळा, पण पोप एकच. हा ‘हो’ परतही घेता येतो: जेझुइट संघ पोपनं 1773 साली बरखास्त केला आणि 1814 साली दुसऱ्या पोपनं पुन्हा उभा केला. ल्यूथरला 1517 नंतर ‘हो’ मिळालं नाही, पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

पंथ फुटतात तसे जुळतातही, हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही. सोलापुरात प्रॉटेस्टंट काम उभं केलं ते अमेरिकन मराठी मिशननं. ते काँग्रिगेशनल परंपरेचं, म्हणजे बिशप न मानणारं, प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः बघणारी. 1924 साली उत्तर भारतातल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात अँग्लिकन, बॅप्टिस्ट वगैरे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि त्यात बिशप आले. पणजोबांच्या काळी बिशप नको म्हणणारी मंडळी आज बिशपच्या हाताखाली आहे. अमेरिकन मूळ असलेलं मेथडिस्ट चर्च मात्र ऐनवेळी बाहेर राहिलं. ख्रिसमसच्या बातमीत ‘शहरातील चर्चचे बिशप’ असं लिहिण्याआधी कुठल्या चर्चचे, ते विचारून घ्या.

मुस्लिम समाजाबद्दल लिहिताना सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण लोक एकाच रांगेत सगळं मांडायला जातात: शिया, सुन्नी, हनफी, बरेलवी, चिश्ती. ही एक रांग नाही. पैगंबरांनंतर, म्हणजे 632 नंतर, नेतृत्व कुणाचं, हा शिया-सुन्नी प्रश्न. करबलाची लढाई 680 सालची. कायद्याची पद्धत हा वेगळा प्रश्न, त्यात सुन्नींचे चार मजहब. आपल्याकडे घाटावर बहुतेक हनफी, कोकणी मुस्लिम शाफई. देवबंदी आणि बरेलवी हे एकोणिसाव्या शतकातल्या उत्तर भारतातले दोन प्रवाह, दोन्ही हनफीच. दर्ग्यावर फुलं-चादर, मिलाद (पैगंबरांचा जन्मोत्सव), यांवरून त्यांचं जमत नाही. सिलसिला आणखी निराळा: चिश्ती, कादिरी, नक्शबंदी, सुहरावर्दी. तो पीर-मुरीदाचा, म्हणजे सुफी गुरू-शिष्याचा, धागा, गुलबर्ग्याचे संत बंदेनवाज (निधन 1422) चिश्ती. त्यामुळे एकच माणूस सुन्नी, हनफी, बरेलवी आणि कादिरी हे सगळं एकाच वेळी असू शकतो. बरेलवी स्वतःला अहले सुन्नत वल जमात म्हणवतात. ‘वहाबी’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो, कुणाच्या तोंडी असेल तर अवतरणात ठेवा, तुमच्या वाक्यात नको.

आणि मोहरम. सोलापुरात पंजे बसतात, ताबूत निघतात, हिंदू घरांतून नवस फेडायला माणसं येतात. नवा बातमीदार दरवर्षी लिहितो, ‘शिया बांधवांचा मोहरम’. पंजाभोवती उभे असलेले बहुतेक मुस्लिम सुन्नी असतात. ही रीत दख्खनच्या सुलतानांपासूनची. विजापूरच्या युसुफ आदिलशहानं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला शिया पंथ राजमान्य केला, अहमदनगरच्या निजामशाहीत पुढे तेच झालं, आणि सोलापूरचा किल्ला या दोघांच्या ओढाताणीत कधी इकडे कधी तिकडे. दरबार गेले, रीत गावात राहिली, शिया नसलेल्यांकडे राहिली.

एवढ्या तेवढ्या गोष्टीवरून पंथ होतात का, असं तुम्हाला वाटेल. होतात. थेरवादी परंपरेनुसार बुद्धानंतर शंभरेक वर्षांनी वैशालीत संगीती, म्हणजे भिक्षूंची धर्मसभा, भरली ती दहा मुद्द्यांवर. त्यातला एक, भिक्षूनं शिंगात मीठ साठवून ठेवावं का? दुसरा, सोनं-चांदी घ्यावी का? रशियात सतराव्या शतकात निकॉन नावाच्या धर्माध्यक्षानं क्रूसाची खूण दोन बोटांऐवजी तीन बोटांनी करा असा हुकूम काढला. न मानणारे आजही ‘जुने श्रद्धावंत’ म्हणून वेगळे आहेत, त्यांच्या अव्वाकुम नावाच्या पुढाऱ्याला 1682 साली जिवंत जाळलं. ब्रह्मदेशात भिक्षूनं गावात जाताना एक खांदा उघडा ठेवावा की दोन्ही झाकावेत, यावर अठरावं शतक भांडण्यात गेलं. अखेर बोदवपया राजानं दोन्ही झाका म्हणून निकाल दिला. मीठ, बोटं, खांदा हसण्यावारी नेऊ नका. आपल्याला कुणी हुकूम करायचा, हा वाद प्रत्येक वेळी त्याआड होता. तत्त्वज्ञान बहुधा मागाहून लिहिलं जातं. ‘बहुधा’ म्हणालो, कारण 451 च्या काल्सिडन परिषदेनंतर कॉप्टिक, आर्मेनियन, सीरियन चर्च वेगळी झाली ती ख्रिस्ताच्या स्वरूपाच्या शुद्ध तात्त्विक प्रश्नावर. निदान कागदोपत्री तरी.

तिसरा प्रश्न मरणाचा. तो सुतकात विचारू नका, एवढं सांगायला नको. लिंगायतांत मृताला बसत्या स्थितीत, इष्टलिंगासह पुरतात, जागेला रुद्रभूमी म्हणतात. ‘अंत्यसंस्कार’ चालेल, ‘अग्निसंस्कार’ किंवा ‘मुखाग्नी’ लिहिलंत तर दुसऱ्या दिवशी कार्यालयात फोन वाजतील. संन्याशांनाही जाळत नाहीत, समाधी देतात. कॅथलिकांना दहनाची मुभा 1963 सालापासून आहे, पण आपल्याकडे दफनच चालतं. जैन सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून मरण स्वीकारण्याचं व्रत, हा सगळ्यात नाजूक विषय. आचार्य शांतिसागरांनी 1955 साली कुंथलगिरीला ती घेतली, हे अंतर इथून फार नाही. श्वेतांबर तिला संथारा म्हणतात. राजस्थान उच्च न्यायालयानं 2015 साली तिला आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. बातमीत ‘आत्महत्या’ हा शब्द तुमच्याकडून जाऊ नये.

जात आणि पंथ यांचीही गल्लत सोलापुरात फार होते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव निघतो तो पद्मशाली समाजाचा. तेलुगू बोलणारा, विणकरीतून वर आलेला समाज, त्या दिवशी जानवं बदलणारा. त्याला ‘मार्कंडेय पंथ’ म्हणणं चूक. तो समाज आहे, त्यात वेगवेगळ्या उपासनेची घरं आहेत. उलट लिंगायत हा पंथ, आणि त्याच्या आत कितीतरी जाती.

शेवटी आकडे. यात्रेच्या किंवा निवडणुकीच्या दिवसांत कुणीतरी तुमच्या हातात कागद ठेवेल, ‘जिल्ह्यात आमचा समाज अमुक लाख’. 2011 च्या जनगणनेत धर्म आहे, पंथ नाही. लिंगायत हिंदूंत मोजलेत, शिया-सुन्नी, दिगंबर-श्वेतांबर, कॅथलिक-प्रॉटेस्टंट हा भेद त्यात नाही. सगळ्या जातींची मोजदाद होऊन आकडे छापले गेले ते शेवटचे 1931 साली. तेव्हा आकडा छापायचाच असेल तर कोणी दिला, त्या संस्थेचं नाव घालून छापा, आणि तिच्या प्रतिस्पर्धी संस्थेलाही एक फोन करा.